तापलेल्या मडक्यावर घोड्याचा केस

भट्टीचं झाकण उचललं की आधी तोंडावर झळ येते आणि मग डोळ्यांना रंग दिसतो. आतलं मडकं विझत आलेल्या निखाऱ्यासारखं मंद तांबडं असतं. लांब दांड्याच्या सांडशीनं ते गळ्याशी धरून बाहेर काढायचं, विटेवर ठेवायचं आणि हात आवरून उभं राहायचं. सगळ्यात अवघड भाग हाच. तांबडी चमक विरत जाते, मातीचा पांढुरका रंग वर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, निवलं वाटतं. प्रत्यक्षात ते अजून पाचशे अंशांच्या आसपास असतं. आता घोड्याच्या शेपटीचा एक केस टोकाला धरून मडक्याच्या पोटाशी न्यायचा. नीट टेकायच्या आधीच तो वळवळायला लागतो, आक्रसतो, टेकला की बारीक धूर सोडून नाहीसा होतो. मागे उरते बोरूनं ओढल्यासारखी काळी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना धुराची फिकट तपकिरी सावली.

ही रेघ पाण्यानं जात नाही, काथ्यानं घासली तरी जात नाही. रंग नाही, शाई नाही, कुंचला नाही. मग ती आली कुठून आणि टिकली कशी, हा प्रश्न माझ्याकडे काम शिकायला येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो. त्याचं उत्तर आपल्या देवघरात आणि स्वयंपाकघरात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घरी काजळ धरताना तुम्ही कधी पाहिलं असेल. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावायचा आणि ज्योतीवर ताम्हन उपडं धरायचं. थोड्या वेळानं ताम्हनाच्या पोटाला मऊ काजळी धरते. ज्योतीला हवा पुरेशी मिळाली, तर तुपातला कार्बन पुरता जळून वायू होतो आणि उडून जातो. ज्योत कोंडली, हवा कमी पडली की तोच कार्बन अर्धवट राहतो आणि काजळी होऊन बसतो. केस, पीस, पान, साखर, लाकडाचा भुसा, म्हणजे जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत गोष्टीतून निघालं, त्या सगळ्यात कार्बन असतो. केस ज्या केराटिनचा बनतो त्यात वजनाच्या साधारण निम्मा कार्बनच आहे. तापलेल्या मातीला केस टेकला की त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, बाकीचे घटक वायू आणि चिकट धूर होऊन सुटतात आणि कार्बन तिथेच राहतो. केस जळल्याचा तो नाकात बसणारा वास येतो तो केराटिनमधल्या गंधकामुळे.

ताम्हनावरची काजळी बोटानं पुसता येते आणि मडक्यावरची येत नाही, कारण तांब्याला छिद्रं नाहीत. एकदाच, साधारण ९५० ते १००० अंशांना भाजलेली माती मात्र छिद्रांनी भरलेली असते. उन्हाळ्यात माठ पाझरतो आणि पाणी गार होतं ते याच छिद्रांमुळे. केसाचा धूर आणि कार्बन त्या छिद्रांत शिरतो, अडकतो, आणि मडकं निवल्यावर तिथेच कायमचा मुक्काम करतो. हीच माती आणखी वर भाजून दगडासारखी घट्ट केली, तर छिद्रं मिटतात आणि केस टेकवून काही साधत नाही. म्हणून या कामासाठी मडकं मुद्दाम थोडं कच्च्या अंगाचं ठेवावं लागतं.

आता फोडणी आठवा. तेल पुरेसं तापलं नसेल तर मोहरी तडतडत नाही, तळाशी जाऊन बसते. जास्त तापलं तर क्षणात करपते. मधल्या थोड्या वेळातच काम होतं, आणि ती वेळ आईला घड्याळ न बघता कळते. केसाचंही तसंच. मडकं सातशे अंशांच्या वर असेल तर केसाचा कार्बन मातीत बसण्याऐवजी हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून लगेच जळून जातो. भपकन ज्योत दिसते आणि मडकं कोरंच्या कोरं. मडकं चारशेच्या खाली गेलं असेल तर केस नीट जळत नाही, डांबरासारखा चिकटून बसतो. निवल्यावर तो खरवडून काढला की खाली मळकट, तुटक डाग. साधारण साडेसहाशेपासून पावणेपाचशेपर्यंतचा काळ आपला. हाताच्या ओंजळीएवढ्या पातळ मडक्याला तो जेमतेम दीड-दोन मिनिटं मिळतो, जाड बुडाच्या मोठ्या मडक्याला थोडा जास्त.

हे तापमान ओळखायचं कसं? थर्मोकपल भट्टीच्या आतलं सांगतो, बाहेर काढलेल्या मडक्याचं नाही. इथे निसर्गानं एक सोय करून ठेवली आहे. कुठलाही घन पदार्थ तापवत गेलं की तो साधारण ५२५ अंशांना डोळ्याला दिसेल इतपत तांबडा व्हायला लागतो. पदार्थ लोखंड असो की माती, फरक पडत नाही. जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून मी ही भाजणी भर उन्हात करत नाही. दिवेलागणीच्या वेळी, थोड्या अंधुक उजेडात चमक विझताना स्पष्ट दिसते. ती विझायला आली की पहिला केस टेकवायचा. पहिला केस ही चाचणीच असते. पेटला तर चार श्वास थांबायचं. वळवळून रेघ सोडली तर मग मागे वळून बघायचं नाही, भराभर हात चालवायचा.

केस घोड्याचाच का, असंही विचारतात. माणसाचा चालतो, पण तो बारीक असतो, रेघ पुसट येते. घोड्याच्या शेपटीचा केस जाड आणि ताठ, त्यामुळे रेघ ठसठशीत उमटते. आयाळीचा केस मऊ, तो जाळीसारख्या नाजूक रेषा देतो. माझ्याकडचे केस माथेरानच्या घोडेवाल्यांकडून येतात. शेपटी विंचरताना जे गळतात ते कागदात गुंडाळून ठेवा म्हटलं की ठेवतात. ते रिठ्याच्या पाण्यात धुवून वाळवून घ्यायचे. तेल-मळ राहिला तर रेघेभोवती पिवळट ओघळ येतात.

हा केस उठून दिसावा म्हणून मडक्याची तयारी आधीपासून करावी लागते. चाकावरून उतरवलेलं मडकं चामड्यासारखं घट्ट झालं की त्यावर टेरा सिगिलाटाचे दोन-तीन हात द्यायचे. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. बारीक माती भरपूर पाण्यात कालवायची, तिच्यात थोडा सोडियम सिलिकेट टाकायचा म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत, आणि रात्रभर हलवायचं नाही. जड कण तळाला बसतात, अगदी सूक्ष्म कण वरच्या पाण्यात तरंगत राहतात. ते वरचं दुधट पाणी काढून घ्यायचं, तेच टेरा सिगिलाटा. ते लावून गुळगुळीत गोट्यानं किंवा चमच्याच्या पाठीनं घोटलं की मातीला मंद तकाकी येते. ग्लेझ लावायचं नाही, कारण काचेच्या थराखाली धूर पोचत नाही. ही घोटाई रटाळ वाटते आणि नवशिके तीच उरकतात. पण खडबडीत मडक्यावर केसाची रेघ फुटते, घोटीव मडक्यावर ती अखंड धावते. निम्मं काम इथेच झालेलं असतं.

या सगळ्याला ‘राकू’ म्हणतात, आणि त्या नावाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यात बराच घोटाळा आहे. राकूचं मूळ जपानमधल्या क्योटोचं, सोळाव्या शतकातलं. चहाविधीचे महान गुरू सेन नो रिक्यू यांना त्यांच्या साध्या, शांत चहाविधीला शोभतील असे वाडगे हवे होते. ते चोजिरो नावाच्या कारागिरानं घडवले, चाकावर नाही, हातानं. काळे वाडगे लालभडक असताना सांडशीनं भट्टीबाहेर काढून निववले जात. रिक्यू ज्यांच्या पदरी होते त्या तोयोतोमी हिदेयोशींच्या जुराकुदाई वाड्याशी ‘राकू’ या नावाचा संबंध जोडतात, आणि त्या अक्षराचा अर्थ सुख, निवांतपणा. हेच पुढे घराण्याचं नाव झालं आणि ते घराणं आजही क्योटोत वाडगे घडवतं. त्या परंपरेत मडकं भुशात लोळवणं नाही, धूर कोंडायचा झाकणबंद डबा नाही, घोड्याचा केस तर नाहीच.

ती भर अमेरिकेतली. मधला दुवा बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराचा. १९११ मध्ये टोकियोत एका मेळाव्यात पाहुण्यांनी रंगवलेली भांडी तिथल्या तिथे राकू पद्धतीनं भाजून हातात मिळाली, ते पाहून लीच कुंभारकामाकडे वळले. पुढे १९४० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी राकूची कृती लिहिली. तिच्या आधारावर कॅलिफोर्नियातल्या पॉल सोल्डनर यांनी १९६० मध्ये सांता बार्बराच्या एका कलामेळ्यात प्रयोग केला. भट्टीतून निघालेलं भांडं त्यांना रुचेना, म्हणून जवळच पडलेल्या पेपर ट्री (पेपर म्हणजे मिरी, कागद नव्हे) नावाच्या झाडाच्या वाळक्या पाल्यात त्यांनी ते तसंच तापलेलं लोळवलं. पाला पेटला, धुरानं माती काळवंडली, आणि आज जगभर ज्याला राकू म्हणतात त्याची सुरुवात झाली. घोड्याच्या केसाची भांडी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्वेब्लो आणि नावाहो कुंभारांच्या हातून विशेष प्रसिद्ध झाली. तिथे गोष्ट सांगतात की एका कुंभारणीचे मोकळे केस वाऱ्यानं उडून तापलेल्या मडक्याला लागले आणि ही कला सापडली. खरी असो वा नसो, ज्यानं भट्टीपाशी काम केलंय त्याला ती पटते. मला विचाराल तर ‘राकू’ हा शब्द वापरताना जपानी घराण्याचं आणि या अमेरिकी वाटेचं वेगळेपण सांगायलाच हवं. दोन्हींचा मान त्यातच राहतो.

केस जमला की पिसाकडे वळावं. पीसही केराटिनचंच, पण त्याचे तंतू इतके बारीक की केसाच्या तापमानाला ते आक्रसून गोळा होतात. म्हणून मडकं आणखी थोडं निवू द्यायचं आणि पीस अलगद सपाट टेकवायचं. दांडीची जाड काळी रेघ आणि दोन्ही बाजूंना तंतूंची राखाडी झालर असा ठसा उतरतो. गावठी कोंबड्याच्या शेपटीची लांब पिसं यासाठी उत्तम. पान मात्र चित्र काढायला हट्टी. ते सपाट राहत नाही, कडेनं वळतं आणि पेटतं. पानाचं खरं काम धूर देण्याचं, आणि ते डब्यात.

साखरेचं वागणं बघायला मजा येते. संक्रांतीला गुळाची पोळी तव्यावर फुटली की गूळ बाहेर येतो, बुडबुडतो, काळा होतो, आणि तो डाग उलथन्यानं खरवडूनही पुरता निघत नाही. साखरेचा दाणा तापलेल्या मडक्यावर पडला की तेच होतं, फक्त पापणी लवायच्या आत. दाणा वितळतो, उकळतो, करपतो आणि काळा ठिपका सोडतो, भोवती तपकिरी कडं. चिमूटभर साखर वरून भुरभुरली तर चांदण्यासारखे ठिपके येतात. पिठीसाखर घेऊ नये, तिनं नुसता धुरकट पट्टा पडतो.

याच कुळातली आणखी एक रीत पूर्व युरोपात, बेलारूस आणि बाल्टिक प्रदेशात आहे, तिला ओब्वारा म्हणतात. पीठ, पाणी, यीस्ट आणि थोडी साखर दोन-तीन दिवस आंबवायची. नऊशे अंशांच्या आसपासचं मडकं भट्टीतून काढून थेट त्या आंबवणात बुडवायचं आणि लगेच पाण्यात. पीठ करपून मडक्यावर बदामीपासून गडद तपकिरीपर्यंत ढगांसारखी नक्षी उमटते. मुळात हे सजावटीसाठी नव्हतंच, मडकं पाझरू नये म्हणून होतं. कोकणात आणि गोव्यात नव्या मातीच्या भांड्यात पहिल्यांदा भाताची पेज उकळतात त्यामागे हाच विचार आहे. पिठूळ पदार्थ छिद्रांत शिरून ती बुजवतो. तिकडे तो करपवतात, इकडे शिजवतात.

ग्लेझ लावलेल्या राकूत जैविक पदार्थाचं काम निराळं आहे. साधारण हजार अंशांना वितळलेल्या ग्लेझसकट मडकं बाहेर काढून भुसा, वर्तमानपत्रं, वाळका पाला भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि झाकण घट्ट लावतात. आतला भुसा पेटतो, त्याला ऑक्सिजन लागतो, आणि डब्यातली हवा संपली की तो ग्लेझमधून ओढला जातो. ग्लेझमध्ये कॉपर ऑक्साइड असेल तर त्याचा ऑक्सिजन जातो आणि तांब्याची धातूसारखी झळाळी उरते. पांढऱ्या ग्लेझला अचानक निवल्यानं बारीक तडे जातात, त्यांत धूर भरतो आणि काळ्या रेषांचं जाळं दिसतं. भुसा दमट असेल तर हे बिघडतं. म्हणून पावसाळ्यात मी राकू करत नाही. दिवाळीनंतर भुसा उन्हात दोन दिवस पसरून मगच भट्टी लावते.

एक प्रकार मला सगळ्यांत आवडतो, त्याला नेकेड राकू म्हणतात. मडक्यावर आधी मातीचा जाडसर लेप आणि त्यावर ग्लेझ देतात, पण असा की तो मातीला पक्का चिकटू नये. भट्टीबाहेर काढून निवताना त्याला तडे जातात. धुराच्या डब्यात धूर फक्त तड्यांतून आत शिरतो. बाहेर काढून पाणी मारलं की लेप टरफलासारखा सुटतो आणि खाली पांढऱ्या मडक्यावर तड्यांचा काळा नकाशा असतो. चुलीवर पातेलं चढवायच्या आधी बुडाला राखमातीचा लेप द्यायची आपली जुनी पद्धत आठवा. काजळी लेपावर धरते, धुताना लेपाबरोबर निघून जाते, बूड स्वच्छ राहतं. नेकेड राकूत तोच लेप आहे, फक्त जागोजागी फुटलेला.

आणि धूर वापरून माती काळी करणं आपल्या भूमीला नवं अजिबात नाही. नागपूरजवळच्या माहूरझरी आणि नायकुंड इथल्या शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी सापडली आहेत. विदर्भातली ही महापाषाणयुगीन माणसं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. त्यांच्या भांड्यांचं तोंड आणि आतली बाजू काळी, बाहेरचं पोट तांबडं. भांडी उपडी ठेवून, आत काडीकचरा कोंडून भाजली की असं होतं, हे त्याचं प्रचलित स्पष्टीकरण. आत हवा नाही म्हणून काळं, बाहेर हवा आहे म्हणून मातीतलं लोह तांबडं. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातल्या लोंगपी गावात तांगखुल नागा कारागीर दगडाची भुकटी आणि माती मळून, चाकाशिवाय भांडी घडवतात, आणि भट्टीतून निघालेली गरम भांडी झाडाच्या पाल्यानं घासून काळी तुकतुकीत करतात. सोल्डनर यांच्या पाल्याबद्दल वाचलं की मला आधी लोंगपी आठवतं.

एवढ्या तापलेल्या मडक्याला उघड्यावर काढलं तर ते फुटत कसं नाही? पुष्कळदा फुटतं. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना एकाएकी बदलते, आकार बदलतो, आणि केस लावायची आपली वेळ नेमकी त्याच टप्प्यावर येते. म्हणून मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात. तो तड्याला वाटेत अडवतो. मडक्याची जाडी सगळीकडे सारखी हवी, बूड जाड आणि गळा पातळ असेल तर दोघं वेगवेगळ्या वेगानं निवतात आणि ओढाताणीत फाटतं. वाऱ्याची एक झुळूकही पुरते. निवल्यावर मी प्रत्येक मडक्याला टिचकी मारते. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली ती गोष्ट प्रत्येक कुंभाराच्या मनात असतेच. एकदाच भाजलेल्या या मडक्यांचा आवाज खणखणीत कधीच नसतो, पण धड मडक्याचा आवाज भरीव येतो आणि तडा असला की फुटका, बद्द. तो फरक कान लवकर शिकतो.

करून बघणार असाल तर मोकळ्या जागेत करा आणि शिकलेल्या माणसाबरोबर करा. सुती कपडे, जाड चामड्याचे हातमोजे, बंद बूट, स्वतःचे केस बांधलेले, जवळ पाण्याची बादली. नायलॉनची ओढणी भट्टीजवळ चालत नाही. नक्षीला तांबूस-केशरी रंग यावा म्हणून काही जण तापलेल्या मडक्यावर फेरिक क्लोराइड फवारतात. त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा फुप्फुसांना जाळतात. योग्य मास्क नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, आणि मुलांसमोर तर नाहीच. तयार मडक्यावर मेण चोळून ठेवा, धूर आणखी गडद दिसतो. त्यात पाणी किंवा खाणं ठेवायचं नाही. ते पाझरतं, आणि ते बघण्यासाठीच आहे.

गेल्या पौषात एक बुटकं, गोल मडकं माझ्याकडून बिघडलं. बोलण्याच्या नादात वेळ हुकली, केस चिकटून बसले, खरवडल्यावर घाणेरडे डाग राहिले. आठवडाभर ते खिडकीत तसंच होतं. मग आणखी एक भट्टी लावायची होती, तेव्हा तेही आत ठेवलं आणि हळूहळू आठशेच्या वर नेलं. भट्टीत हवा भरपूर होती, छिद्रांत अडकलेला सगळा कार्बन जळून वायू होऊन निघून गेला. झाकण उचललं तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता. सांडशीनं बाहेर काढलं, विटेवर ठेवलं. चमक विझायला आली, आणि या वेळी कोणाशी न बोलता मी पहिला केस उचलला.